मेव्हणे म्हणजे नेमके कोण? (एका फोटोमागची ओळ)

पानसुपारी
मंडळी, जरा डोकं चालवा. घर रंगवायला काढलंय म्हणून माळ्यावरची आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. वर सोसायटीच्या कर्जाचे कागद, सातबाऱ्याचे जुने उतारे, एक मोडका चष्मा. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो. स्टुडिओतला आहे. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं आणि दोन हंस. पुढे दोन तरुण. एक आजोबा (कानांवरून लगेच कळतं, आमच्या घरात ते कान सगळ्यांना आलेत), दुसरा साधारण त्यांच्याच वयाचा, तिरकी टोपी, हात आजोबांच्या खांद्यावर. फोटोच्या पाठीवर आजोबांच्याच अक्षरात, शाईनं: 'मी व मेव्हणे. गडहिंग्लज. दिवाळी १९५७.'

आता घोळ असा की आजोबांना बहीणच नव्हती. चौघेही भाऊ. लग्न झालं १९६२ साली. आजीला एकच भाऊ, तो १९५७ साली सात वर्षांचा, चड्डीत फिरणारा. मग हे टोपीवाले मेव्हणे आले कुठून?

आईनं फोटो पाहिला आणि पटकन बोलून गेली, "मामंजींचं आधी एक लग्न झालं होतं की काय?" तेव्हापासून काका तिच्याशी बोलत नाहीयेत. आजी-आजोबा दोघंही आता नाहीत, विचारणार कुणाला?

साखरआंबा
चुलत बहिणीचा नवरा असेल. सोपं आहे.

पानसुपारी
तो विचार झाला. चुलत बहिणी दोन, दोघी तेव्हा शाळेत जात होत्या.

तिसरा_मजला
'मेहुणा' हा शब्द मुळातच घोळाचा आहे. पुरुषाच्या तोंडी त्याचे दोन अर्थ: बायकोचा भाऊ आणि बहिणीचा नवरा. बाईच्या तोंडी एकच: बहिणीचा नवरा. नवऱ्याच्या भावाला ती दीर म्हणते, त्यासाठी वेगळा शब्द आहे. म्हणजे ज्यानं आपल्या घरातली मुलगी नेली तोही मेहुणा आणि ज्याच्या घरातली मुलगी आपण आणली तोही मेहुणा. मराठी इतकी नेमकी भाषा, चुलत-मावस-आते-मामे सगळं वेगवेगळं करून ठेवते, भाऊ मोठा की धाकटा यावरून वहिनी की भावजय ते ठरवते, आणि इथेच अशी ढिली का पडली, हे मला कधी कळलं नाही.

इंदुरी_पोहे
आमच्याकडे हा घोळ नाही. बहिणीचा नवरा जीजाजी, बायकोचा भाऊ साळा. इंदूरच्या मराठीत 'मेहुणा' लग्नपत्रिकेपुरता उरलाय.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या इकडे बी बायकोच्या भावाले साळाच म्हन्तेत. त्याच्यात शिवीगिवी काई नाई. पुन्याच्या लोकाईले ऐकून घाम फुटते. भंडाऱ्याकडं बहिनीच्या नवऱ्याले भाटवा म्हनताना आयकलं हाये.

तिसरा_मजला
घाम फुटायला कारण आहे, भाऊ. 'साला' म्हणजे 'तुझी बहीण माझ्या घरात आहे' असं तोंडावर सांगणं. राजाच्या मेहुण्याची चेष्टा तर संस्कृत नाटकांपासून चालत आलीय. 'मृच्छकटिक'मधला तो उर्मट शकार राजाचा श्यालक, 'शाकुंतल'मध्ये अंगठीवरून कोळ्याला धरणाऱ्या शिपायांचा वरिष्ठ तोही राजाचा श्यालकच. बहीण राजवाड्यात गेली की भावाला पोलीसखातं, हा हिशेब जुना आहे.

नवखा_जावई
विषय निघालाच आहे तर: कानपिळीच्या वेळी माझ्या मेहुण्यानं कान इतका पिरगाळला की विधी संपेपर्यंत तो लाल होता. लाह्या ओंजळीत घालतानासुद्धा गालात हसत होता. वर घड्याळ घेतलं ते वेगळंच. त्या दिवसापासून मला 'मेहुणा' या शब्दाचा एकच अर्थ कळतो.

साखरआंबा
घड्याळावर सुटलात. माझ्या भावानं सायकल मागितली होती.

मोरावळा
मी सत्तरीची आहे, टाइप करायला वेळ लागतो, तरी लिहिते. 'मेहुण' हा शब्द तुम्हा मुलांनी ऐकलाय का? मेहुण जेवायला घालायचं म्हणजे नवराबायकोची जोडी बोलवायची, दोघांना शेजारी पाटावर बसवायचं. अधिक महिन्यात लेक-जावयाला मेहुण म्हणून बोलावून ३३ अनारसे वाणात द्यायचे. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत वाळवून कुटायचे, गुळात मळून पीठ डब्यात दाबून ठेवायचं. घाई केली तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे फुटतो. परवा सुनेनं ते सगळं विकत आणलं, आणि खरं सांगायचं तर चांगले होते.

तर मेहुण म्हणजे जोडी, मिथुन. राशीतलं मिथुन तेच. मेहुणा त्याच्याच घरातला शब्द.

तिसरा_मजला
मोरावळा आजी, बरोबर बोललात. संस्कृत मैथुन, प्राकृत मेहुण. आता मराठीत मैथुन म्हटलं की लोक इकडेतिकडे बघतात, पण मूळ अर्थ जोडीसंबंधाचा, लग्नातून जुळलेला. मेहुणा म्हणजे लग्नाच्या नात्यातला.

निपाणीकर
आता माझं ऐका. मी फोटो बघितल्याशिवाय सांगतो, तो माणूस तुमच्या आजोबांचा मामेभाऊ असणार. नाहीतर आतेभाऊ.

आमच्या भागात आते-मामेभाऊ एकमेकांना सर्रास मेव्हणं म्हणत्यात. लग्नाचा संबंध असू दे नाहीतर नसू दे. माझा मामेभाऊ फोन उचलला की पहिला शब्द 'बोला मेव्हणं'. आम्हा दोघांच्या बायका कुठल्या कुठं, एकमेकींना ओळखतही नव्हत्या. शाळेत मात्र हे जपून म्हणावं लागायचं. ज्याचं-त्याचं नातं नसताना 'ए मेव्हण्या' म्हटलं की मारामारी ठरलेली, कारण त्याचा अर्थ थेट त्याच्या बहिणीवर जायचा.

पानसुपारी
मामेभावाला मेव्हणा? ऐकायलाच विचित्र वाटतंय. आमच्या पुण्याच्या घरात मामेभाऊ म्हणजे भाऊ, त्याला भाऊबीजेला ओवाळतात.

निपाणीकर
ओवाळतात की. आणि त्याच्या बहिणीशी लग्नही लावतात. दोन्ही चालतं.

मोडी_गिरवणारा
निपाणीकर यांना दुजोरा. जुन्या मराठी कोशांत 'मेहुणा' या शब्दाखाली आत्याचा किंवा मामाचा मुलगा हाही अर्थ दिलेला असतो. आणि शब्दाची चाल त्याहून जुनी आहे. हेमचंद्राच्या देशीनाममालेत, म्हणजे बाराव्या शतकात, 'मेहुणिआ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: बायकोची बहीण आणि मामाची मुलगी. एकाच शब्दात दोघी. ज्या समाजात मामाच्या मुलीशी लग्न होतं तिथे हे वेगळे अर्थच नाहीत. मामाची एक मुलगी बायको झाली की तिची बहीण आपोआप मेहुणीही झाली आणि मामेबहीणही राहिली.

तिसरा_मजला यांची शंका ('भाषा इथेच ढिली का पडली') इथे सुटते. ती ढिली पडलेली नाही. मामेभाऊ, बायकोचा भाऊ, बहिणीचा नवरा हे तिघे एकच माणूस असू शकतात अशा घरांमध्ये हा शब्द तयार झाला. साटंलोटं झालं, म्हणजे तुझी बहीण मला आणि माझी तुला, की बायकोचा भाऊ आणि बहिणीचा नवरा यात फरक उरतच नाही. शब्द एक, कारण माणूस एक.

बेळगावी_कुंदा
आमच्या दारात कन्नड आणि मराठी एकाच नळाला पाणी भरतात म्हणून सांगतो. कन्नडमध्ये 'मैदुन' आहे, तो याच मैथुनाचा. तमिळमध्ये 'मैत्तुनन्'. दोन्हीकडे अर्थ मेहुण्याचा, आणि आते-मामेभावापर्यंत पोचणारा. म्हणजे शब्द संस्कृत-प्राकृतातून खाली गेला आणि वापर दक्षिणेचा घेऊन बसला. शिवाय कन्नडमध्ये 'भाव' म्हणून एक शब्द आहे: मोठ्या बहिणीचा नवरा भाव, आणि वयानं मोठा आतेभाऊ किंवा मामेभाऊ तोही भाव. मराठी 'भाव'शी त्याचा गोंधळ घालू नका, आमच्या वर्गात एका नव्या मास्तरांनी घातला होता.

साखरआंबा
पण मग सख्खा चुलतभाऊ कधी मेव्हणा नसतो?

मोडी_गिरवणारा
कधीच नाही. चुलत आणि मावस म्हणजे भावंडंच, तिथे लग्नाचा विचारही पाप. आते आणि मामे यांच्यात मात्र होऊ शकतं. बापाचा भाऊ आणि आईची बहीण एका बाजूला, बापाची बहीण आणि आईचा भाऊ दुसऱ्या बाजूला, अशी ही दक्षिणेकडची विभागणी आहे. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या भारतीय नातेसंबंधांवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात टाकला आहे, तो याचसाठी. आपल्याकडे भाषा उत्तरेच्या कुळातली आणि लग्नाची पद्धत बरीच दक्षिणेकडे झुकलेली. त्यातही सगळ्यांची एक नाही. देशस्थ ऋग्वेदी आणि मराठा घरांत मामाची मुलगी चालते, कोकणस्थांत नाही. आत्याच्या मुलीला मात्र देशावरही बरेच जण नाही म्हणतात.

निपाणीकर
आमची आजी म्हणायची, वेल मागं फिरवायचा नाही. बहीण एका घरात दिली, तिचीच लेक परत आपल्या घरात आणायची नाही. उलट मात्र बिनदिक्कत: भावाची लेक बहिणीच्या घरी जाणार. मामाच्या लेकीवर भाच्याचा हक्कच. तिचं दुसरीकडं ठरवायचं तर आधी भाच्याला विचारायचे, निदान नावापुरतं.

मोरावळा
आमच्या बाजूला सून सासऱ्याला मामंजी म्हणते आणि सासूला आत्याबाई. कधी विचार केलाय का? मी पन्नास वर्षं सासूबाईंना आत्याबाई म्हटलं, त्या माझ्या कुणी आत्या नव्हत्या. पण मुलीचं लग्न आत्याच्या घरी व्हायचं, म्हणून आत्या म्हणजेच सासू. हाक तशीच राहिली, लग्नं बदलली.

पानसुपारी
थांबा. माझी आई आजोबांना मामंजीच म्हणायची. पहिल्याच पोस्टमध्ये मी स्वतः ते लिहिलंय आणि माझ्या लक्षातही आलं नाही.

मोडी_गिरवणारा
:) त्याच माळेतला आणखी एक मणी. संस्कृतात मातुलानी म्हणजे मामी. त्याचंच मराठी रूप मावळण. पण देशावर मावळण म्हणजे आत्या! मामाची बायको एकदम बापाची बहीण कशी झाली? साटंलोटं लावून बघा, लगेच जमतं. आईच्या भावानं बापाची बहीण केली की मामी आणि आत्या एकच बाई.

तिसरा_मजला
हे वाचून खाली ठेवायला लावलंत हातातलं. मावळण हा शब्द मी मावशीच्या कुळातला समजत होतो.

काळा_कोट
कायद्याचं सांगून ठेवतो, कारण कुणीतरी विचारणारच. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं भाऊ आणि बहीण यांच्या मुलांमधलं लग्न निषिद्ध नात्यांत धरलंय. पण दोन्ही पक्षांत तशी रूढी असेल तर चालतं, असं त्यातच लिहिलंय. म्हणून मामाच्या मुलीशी झालेली लग्नं टिकतात. रूढी मात्र सिद्ध करावी लागते, 'आमच्यात चालतं' एवढं कोर्टाला पुरत नाही.

टोरांटोची_थंडी
इकडे फॉर्ममध्ये एकच रकाना: ब्रदर-इन-लॉ. दीर, मेहुणा, साडू, नणंदेचा नवरा, सगळे त्यात. माझ्या मुलीला साडू समजावताना मी बशीत शेंगदाणे मांडले होते. ती म्हणाली, 'म्हणजे दोघांची नातेवाईक एकच, पण दोघं एकमेकांचे कुणीच नाहीत?' अगदी बरोबर आहे ते.

नवखा_जावई
साडू कुणीच नाहीत? माझ्या साडूंनी येऊन विचारावं तुम्हाला. सासुरवाडीत माझ्या बाजूनं बोलणारे तेच एकटे आहेत.

साखरआंबा
पण मला अजून पटलं नाही. ज्याच्याशी लग्नाचा संबंध जुळलाच नाही त्याला मेव्हणा कसं म्हणायचं? होईल म्हणून?

मोडी_गिरवणारा
श्रीकृष्ण आणि अर्जुन बघा. कुंती ही वसुदेवाची बहीण, म्हणजे अर्जुन कृष्णाचा आतेभाऊ. सुभद्राहरण झालं आणि मेहुणाही झाला. पुढच्या पिढीत आपल्याकडच्या वत्सलाहरणाच्या कथेत अभिमन्यू बलरामाची मुलगी, म्हणजे पुन्हा मामाचीच मुलगी करतो. ती कथा महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना ओळखीची वाटली यात नवल नाही. लग्नाआधी दोघं जे होते तेच लग्नानंतरही राहिले, नात्याला फक्त गाठ बसली. म्हणून शब्द गाठीची वाट बघत नाही.

बेळगावी_कुंदा
आणि गडहिंग्लज तर आमच्या अगदी शेजारी. तिथल्या माणसानं मामेभावाला मेव्हणे लिहिलं तर आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नाही. फक्त 'व मेव्हणे' असं फोटोवर औपचारिक लिहिलंय, नाव नाही, हे जरा मजेशीर आहे. रोजची हाक तीच असेल तर नाव लिहायचं सुचतच नाही.

पानसुपारी
पटायला लागलंय. आजोबांच्या आईचं माहेर मुरगूड, हे मला माहीत आहे. तिकडचं आता कुणी संपर्कात नाही. आत्याला फोटो पाठवतो, ती सगळ्यांत मोठी. काकांना दाखवायची हिंमत नाही.

साखरआंबा
आत्या? म्हणजे मावळण?

पानसुपारी
आता तेच म्हणणार.

काळा_कोट
फोटोचा धागा अर्धवट सोडू नका, इथे लोक वाट बघतायत.

वऱ्हाडी_ठेचा
पयलं लगन निंगालं तं आधी आमाले सांगजा.

पानसुपारी
आत्याचा फोन आत्ता संपला, पाऊण तास.

निपाणीकर, तुम्हाला एक किलो काकवी लागू. फोटोतले तिरक्या टोपीचे म्हणजे मुरगूडचे तात्या, आजोबांचे सख्खे मामेभाऊ. आत्यानं फोटो बघताक्षणी ओळखलं. आजोबा सातवीनंतर शिकायला मामाकडे राहिले होते, दोघं एका अंथरुणात झोपायचे, एक सायकल दोघांत. तात्यांना एक बहीण होती, आक्का. आजोबांशी तिचं लग्न होणार हे दोन्ही घरांत इतकं धरून चाललेलं होतं की 'ठरवायचं' असं कधी कुणी बसलंच नाही. तात्या आणि आजोबा मिसरूड फुटायच्या आधीपासून एकमेकांना मेव्हणे म्हणायचे. १९५७ ची दिवाळी त्यातलीच.

मग आक्काच्या वडिलांनी तिचं संकेश्वरला ठरवलं. जमिनीच्या बांधावरून बहीण-भावांत काहीतरी बिनसलं होतं, आत्याला नीट आठवत नाही, की सांगायचं नव्हतं. १९६० ला आक्का संकेश्वरला गेली. १९६२ ला आजोबांनी आजी केली. तात्या लग्नाला आले, पहिल्या पंगतीला वाढायला उभे होते.

मी विचारलं, मग पुढं एकमेकांना काय म्हणायचे? आत्या म्हणाली, "काय म्हणणार? मेव्हणेच. शेवटपर्यंत."

आणि आक्का म्हणजे कोण, हे कळल्यावर मी गप्पच झालो. दर दिवाळीला आमच्याकडे कडबोळ्यांचा डबा घेऊन येणाऱ्या संकेश्वरच्या आज्जी. मला वाटायचं त्या आजीच्या माहेरच्या. दोघी मागच्या पायरीवर बसून तासन्‌तास बोलायच्या, आणि आजी त्यांना काहीतरी हाक मारायची, ती मला कधी नीट ऐकू आली नव्हती. आज आत्यानं सांगितलं. आजी त्यांना 'सवतबाई' म्हणायची. आणि त्या 'ओ' द्यायच्या.

मोरावळा
अगं बाई.

निपाणीकर
काकवी नको. मुरगूडला कुणी सापडलं तर फोटोची एक प्रत त्यांना पोचवा.

पानसुपारी
करतो. फोटोच्या मागे कंसात पेन्सिलीनं 'मामेभाऊ' असं लिहायला घेतलं होतं, पुढच्या पिढीचा घोळ नको म्हणून. आईनं हातातून पेन्सिल काढून घेतली. काका तिच्या बाजूनं बोलले, तीन दिवसांनी पहिल्यांदा.